पोचा आलेलं माप

माझ्यानंतर या जुन्या मापांचं काय होणार, ही माझी काळजी तुम्ही किती वर्षं ऐकताय रे! मुलगा सरळ म्हणाला, "बाबा, या फ्लॅटमध्ये आम्ही राहायचं की मापांनी?" म्हटलं, देऊन टाकू संग्रहालयाला. परवा त्यांचा माणूस यादी करायला मुलुंडला घरी आला. आमची सून गौरी एकेका मापाचे फोटो काढत होती.

धान्य मोजायचं पितळी माप उचलून तो म्हणाला, "सगळ्यात जुनं हेच. फक्त पोचा आलाय. आम्ही ठोकून सरळ करू."

गौरीनं फोन खाली ठेवला. "हे यादीतून काढा."

"का हो?"

"लग्नाच्या दिवशी हेच माप ओलांडून मी या घरात आले. पाय जोरात लागला, तांदूळ सोफ्याखाली आणि माप थेट फ्रिजवर. पोचा माझा आहे."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी कशाला मध्ये बोलतोय! छाती अशी फुगली होती ना यार!

"पण मॅडम, तुमच्यानंतर?"

"माझी सून ओलांडेल की. दुसऱ्या बाजूला जागा आहे अजून."

आणि आमचा नातू अजून बालवाडीत!