तळ्यात गेलेल्या गल्ल्या

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णवाहिका सेवेच्या प्रमुख डॉक्टर मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी ही खुर्ची आज मधोमध मांडली आहे त्या आपल्या नकाशा विभागाच्या बाई, त्यांच्या घरची मंडळी, आणि माझ्या चालक, परिचारिका, फोन घेणाऱ्या बंधुभगिनींनो,

चोवीस वर्षं माझ्या हातात स्टिअरिंग आहे. माईक आज पहिल्यांदाच आला आहे. कुठे आडरस्त्याला लागलो तर हाक मारा.

बाईंवर मी का बोलावं? कारण मागच्या वर्षी दीड महिना मी त्यांच्या खोलीत बसून काढला. गाडी धुताना पाय घसरला, घोटा मोडला आणि डोकं पायरीवर आपटलं. मॅडम, तुम्हीच म्हणालात, "घरी बसून काय करणार? बाईंना गल्ल्या सांगा."

फोन घेणाऱ्या मुलींसमोरच्या नकाशात तेव्हा फक्त मोठे रस्ते होते. बोळ, पायवाटा, मागची फाटकं आम्हा चालकांच्या डोक्यात. बाईंनी ते पडद्यावर आणायचं मनावर घेतलं. सगळी हयात हाताने नकाशे काढण्यात गेलेली, निवृत्तीला वर्ष उरलेलं, आणि बाई आपल्या सुनेकडून जावास्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला सूचना द्यायची भाषा, शिकत होत्या!

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दादा, आपल्याला नकाशावर टाइलचा थर टाकायचाय."

मी म्हणालो, "बाई, माझा मेहुणा फरशीचंच काम करतो. उद्या बोलावू का?"

हसा, हसा. बाईही हसल्या. मग सांगितलं, की पडद्यावरचा नकाशा म्हणजे एक अख्खा कागद नसतो. त्याचे चौकोनी तुकडे केलेले असतात, त्यांनाच टाइल म्हणायचं. प्रत्येकाला नंबर: किती जवळून पाहतोय, कितवा उभा रकाना, कितवी आडवी ओळ. नकाशा सरकवला की हवे तेवढेच तुकडे येतात. खाली रस्त्यांचा थर, त्यावर आपल्या गल्ल्यांचा पारदर्शक थर. मी मान डोलावली. समजलं का? छे! आजही सगळं समजलंय असं नाही.

तीन आठवडे मी पाय स्टुलावर टाकून सांगत होतो, बाई ट्रेसिंग पेपरवर काढत होत्या. मग कागद संगणकात गेले, त्यांचे तुकडे झाले, बाईंनी जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "बघा."

मी बघितलं. रस्ते जागच्या जागी होते. माझ्या गल्ल्या मात्र तळ्यात! बेकरीमागचा बोळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्मशानापाशी. नकाशा जवळ घेतला तर आणखी भलतंच.

बाई म्हणाल्या, "काहीतरी गडबड आहे." आणि ओळी तपासायला लागल्या. मला घाम फुटला होता. का, ते आज सांगतो. डोक्याला टाके घालताना डॉक्टर म्हणाले होते, "विसरायला होतंय, गोंधळायला होतंय असं वाटलं, तर ताबडतोब या." मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. आता पडद्यावर माझंच डोकं उघडं पडल्यासारखं वाटलं. मी बेकरी डावीकडे सांगितली की उजवीकडे? आठवेना. जितकं आठवावं तितकं आणखी घसरत गेलं. ज्याला बोळ सापडत नाही त्याने पेशंट घेऊन निघायचं?

दोन दिवसांनी मी बाईंच्या टेबलावर अर्ज ठेवला. यापुढे मला गाडी देऊ नये.

"हे काय, दादा?"

"बाई, गल्ल्या चुकल्या. मी चुकीच्या सांगितल्या. डोक्याला मार लागल्यापासून माझा मलाच भरवसा नाही."

त्यांनी कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला, रस्त्यांच्या नकाशावर पसरला. "बेकरी कुठंय?"

मी बोट ठेवलं.

"बोळ?"

बेकरीमागेच होता.

"कागदावर बरोबर आणि पडद्यावर चूक. मग चूक तुमच्या डोक्यात कशी असेल? ती मधल्या वाटेत आहे."

पटलं का मला? नाही. म्हटलं, बाई माझं मन राखतायत. पण त्या उठल्याच नाहीत. जेवणाचा डबा तसाच. दुपारी सुनेला फोन लावला, बराच वेळ "हं, हं" केलं, एका ओळीत एक शब्द घातला, आणि गल्ल्या सरसर आपापल्या जागी येऊन बसल्या. रस्त्यांच्या तुकड्यांच्या ओळी वरून खाली मोजलेल्या, आमच्या गल्ल्यांच्या खालून वर. एवढंच!

बाई म्हणाल्या, "दादा, उलटं मोजलं ते संगणकाने. तुम्ही उद्या डॉक्टरांना दाखवून या. पण हा अर्ज मी पुढे पाठवणार नाही."

डॉक्टरांनी तपासलं. डोकं ठीक निघालं. प्लॅस्टर सुटल्यावर पहिलाच फोन बेकरीमागून आला, श्वास कोंडलेलं लहान बाळ. फोनवरच्या ताईंनी नकाशा बघून मला मागच्या फाटकाने घातलं. ते बाळ आता चालतं.

बाई, उद्यापासून तुमच्या खोलीत दुसरं कोणी बसेल. अडलो तर कोणाला विचारायचं, मला खरंच कळत नाही.

तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही कमी-जास्त बोललो असेन तर मोठ्या मनाने माफ करा. तिसऱ्या रांगेत माझी बायको बसली आहे. डॉक्टरांचं ते बोलणं तिला आत्ताच कळलंय, आणि ती माझ्याकडे कशी बघतेय ते मला इथून दिसतंय. तिची माफी मी घरी जाऊन वेगळी मागेन.