भिंतीवरचे आकडे

मी चाचपडत काम करतो म्हणून अख्खा कारखाना मले हसे, तवाची गोष्ट हाय.

अकोल्यात सरकीच्या तेलाच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. तेल साफ कराले त्यात कॉस्टिक टाका लागे. कमी पडलं तं तेल काळंच राहे, जास्त झालं तं त्याचा साबण होये. म्हणून मी दर खेपेले कॉस्टिक नाहीतं आच जराशी बदलून पाहत होतो. तेल सुधरलं तं अजून समोर, बिघडलं तं वापस. असं करता करता तेल एकदम सोन्यासारखं निघालं!

पुण्याहून आलेले मॅनेजर खूश झाले. त्या खेपेचे कॉस्टिकचे आन् आचेचे आकडे त्यांनी भिंतीवर पक्क्या रंगानं लिहून घेतले.

"गावंडे, आता हे चाचपडणं बंद. यापुढे कशालाही हात लावायचा नाही."

"साहेब, हे आकडे भिजलेल्या सरकीचे हायेत, तिले कॉस्टिक जास्त लागते. सरकी बदलली का हे बी बदलतीन."

"मला बेशिस्त चालणार नाही."

नाही लावला हात. नव्या हंगामाची कोरडी, चांगली सरकी आली आन् टाकीत साबणच साबण!

साहेब धावत आले. "काय बदललं तुम्ही?"

"काहीच नाही बदललं साहेब. म्हणूनच झालं."

मी पत्र्याचा एक तुकडा उचलला आन् त्यांच्यासमोरच भिंत खरडाले लागलो.

"अहो, मग नवे आकडे कुठे लिहिणार?"

"इथंच लिहीन. पण खडूनं."