पाण्याचे लई हाल

सल्ला देणाऱ्याचा मतलब असतोच, हे मी नेहमी म्हणतो ना? आमच्या साळवे काकांचाही होता.

मी बजाजनगरला फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तर शेजारचे हे काका म्हणाले, "तिथं नको जाऊस. पाण्याचे लई हाल हायेत."

आपल्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी, आणि हे तिथले हाल सांगतायत! त्यांचा मेहुणा प्लॉटचा दलाल. मी तोंडावरच विचारलं, "काका, मेहुण्यासाठी गिऱ्हाईक बघताय का?"

ते उठून घरात गेले.

गेलो राहायला. तिथं रोज पाणी येतं. फक्त "पाणी आलं रे, ऊठ!" असं कोणी ओरडत नाही. ड्रम भरेपर्यंत काका नि मी ओट्यावर चहा घेत बसायचो, तेही गेलं.

परवा जुन्या गल्लीत गेलो, तर काका एकटेच नळी धरून उभे.

"काका, तिथं तर रोज पाणी येतं!"

"ठाऊक हाय. सारी नोकरी तिथंच केली मी."

"मग खोटं का सांगितलं?"

काकांनी नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली.

"तुझ्याबिगर करमणार नाय म्हणलो असतो, तर थांबला असतास व्हय?"