टोपांच्या दुकानातली गिऱ्हाइकांची माहिती बाहेर गेल्याबाबत

जबाब देणारी : केसांचे टोप विणणारी, वय ४७ वर्षे, धंदा ऑनलाइन दुकान, राहणार बाजारामागची गल्ली, शिवणवर्गाच्या वरचा मजला.

मी समक्ष हजर राहून सांगते की, आजारपणात केस गेलेल्यांसाठी मी टोप विणते. दुकानाची वेबसाइट माझी धाकटी नणंद पाहते. पार्सलमध्ये काय आहे ते आम्ही वर कधीच लिहीत नाही.

चार महिन्यांपूर्वी, पार्सल कुठवर आले याचा मेसेज आपोआप जावा म्हणून, मी बाहेरच्या एका कंपनीचे एक्स्टेंशन, म्हणजे एक छोटा जादा प्रोग्राम, दुकानाच्या वेबसाइटला जोडले. त्याने गिऱ्हाइकांची सगळी माहिती वाचायची परवानगी मागितली. नणंद म्हणाली, "वहिनी, मेसेजला नंबर पुरे. ऑर्डरीत काय आहे ते याला कशाला हवं? कंपनी कुणाची तेही दिसत नाही. आधी चाचणीच्या, खोट्या नावांच्या दुकानावर लावून बघू." मी म्हणाले, "तुझं प्रत्येक गोष्टीत आडवं." होकाराचे बटण मीच दाबले.

मेसेज नीट जाईनात, म्हणून आठवड्याने मी ते काढून टाकले. दिलेली परवानगी वेगळी रद्द करावी लागते, अशी चिठ्ठी नणंदेने माझ्या विणायच्या मशीनला चिकटवली होती. मी ते केले नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एका गिऱ्हाइकाचा, शिक्षिकेचा, फोन आला. आजार त्यांनी आईपासून लपवला होता. ऑर्डरीवरच्या घरच्या नंबरवर कोणीतरी फोन करून "तुमच्या मुलीच्या कॅन्सरवर हमखास औषध आहे" असे आईलाच सांगितले. बाई चिडल्या नाहीत. "मी स्वतः सांगणार होते हो, जरा बरं वाटलं की," एवढेच म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत आणखी सहा जणांचे असेच फोन आले.

मी कामावरच्या दोघींसमोर नणंदेला विचारले, "यादी कुणाला दिलीस?" ती कामाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेली. त्याच रात्री मी ठाण्यात तोंडी तक्रार दिली.

दुसऱ्या दिवशी, आमची वेबसाइट ज्यावर चालते त्या प्लॅटफॉर्मच्या मदत विभागाने नोंद दाखवली. एक्स्टेंशन काढल्यावरही त्याच परवानगीने माहिती रोज बाहेर जात होती. परवानगी माझ्या नावाने होती. ती मी लगेच रद्द केली, आणि सातही जणांना फोन लावून माझी चूक सांगितली. शिक्षिकेने फोन उचलला नाही. नणंदेच्या दारी दोनदा जाऊन आले. "घरात आहे, पण बाहेर यायचं नाही म्हणते," असे तिच्या नवऱ्याने सांगितले.

माझी फिर्याद त्या कंपनीविरुद्ध आहे. मंगळवारच्या तक्रारीत मी नणंदेचे नाव घेतले होते, ते खोडावे अशी विनंती केली. नोंदलेले खोडता येत नाही असे हवालदारांनी सांगितले. म्हणून तिचा यात काही दोष नाही, हे इथे मुद्दाम लिहायला लावले आहे.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे, बरोबर आहे.