आईचं मूलद्रव्य

रसायनशास्त्राचा विषय निघाला म्हणून सांगतो. नवा महाराष्ट्र झाला त्या वक्ताची गोष्ट. माहा मोठा भाऊ अमरावतीले कॉलेजात शिके. सुटीत नांदुऱ्याले घरी आला की जेवताना ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणं एकेक मूलद्रव्य ठरवून देई. बाबा लोखंड. मी पारा, कारण एका जागी बसत नव्हतो.

आईनं विचारलं, "अन् मी कोन रे?"

"तुह्यं सोपं नाही, आई. पुढच्या सुटीत सांगतो."

पुढच्या सुटीआधीच दादा तिकडं टायफॉइडनं गेला.

वर्षभरानं भाकरी थापता थापता आई म्हणाली, "त्यानं मले काय ठरवलं असन?"

"सोनं," मी म्हटलं.

"हे तू म्हनून राह्यला. तो काय म्हनला असता, ते सांग."

 आईनं पुन्हा विचारलं नाही.