आत्याचं नाक

आमचं कुळ इथलंच, तंजावूरचं, राजांबरोबर जे कारकून आले त्यांच्यापैकी आम्ही, किती पिढ्या झाल्या ते माझ्या बापालासुद्धा नीट सांगता येत नव्हतं. मी इथंच जन्मलो, इथंच शिकलो, नोकरी पापनाशमला कचेरीत, सकाळी गाडीनं जायचं, संध्याकाळी गाडीनं यायचं, बस. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, माझी मुलगी कल्याणी तर मराठीत विचारलेल्याचं उत्तर तमिळमध्ये देते. तुम्ही पुण्याकडचे, तुम्हाला आमचं बोलणं जुनं वाटतं, वाटूद्या. गच्चीवर उन्हात बसवलं म्हणून राग मानू नका, या सुपांजवळून मला उठता येत नाही. का ते सांगतो. तेच तर सांगायचं आहे, इतकी वर्षं घराबाहेर कोणाला सांगितलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. लग्न होऊन ओरत्तनाडूला गेली आणि चार वर्षांत परत आली, नवरा गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून आमच्याकडेच. नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, रोज संध्याकाळी गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, त्यांना हळदकुंकू द्यायचं. ते आत्याच्या हातून कोणी घेत नसे. कोणी तसं तोंडानं म्हणत नसे, पण ती आपणच मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची. आता ऐका, त्याच बायका जाताना तिच्यापाशी जायच्या आणि हात पुढं करायच्या, अत्तै, पुडी द्या म्हणून. वासाची पूड. घरात जाळायची. ती आत्या करायची, आणीक कोणाला तशी जमत नसे. नऊ दिवस आमचं घर त्या वासानं ओळखू यायचं, गल्लीच्या तोंडाशी आलात की कळायचं.

करायची म्हणजे काय सांगू तुम्हाला, वर्षभर आमचा जीव खायची. संत्र्याच्या साली थंडीपासून जमवायच्या, आतला पांढरा भाग खरवडून. पन्नीर गुलाबाच्या, म्हणजे तुमच्या गुलाबपाण्याच्या गुलाबाच्या पाकळ्या, पण देवाला वाहिलेल्या नव्हेत. दवणा फुलबाजारातनं, तोही सकाळचाच, दुपारचा चालत नाही. वाळ्याची मुळं तिरुवैयारूहून, नदीकाठच्या एका माणसाकडचीच, का तर बाजारातल्याला मातीचा वास कमी. चंदनाचा भुगा, नागरमोथा, कचोरा, शेवटी सांब्राणी, म्हणजे तुमचा ऊद. हे सगळं आणणार कोण? मी! कचेरीत कोणी संत्रं खाल्लं की साल माझ्या टेबलावर. तोल रायर म्हणून नाव पडलं मला, तोल म्हणजे साल, सालीवाले राव. साहेबसुद्धा म्हणायचे, काय तोल रायर, फाईल कुठं आहे, सालीखाली? घरी येऊन आत्यावर चिडायचो. ती म्हणायची, चिड, पण पिशवी दे इकडे.

आणीक एक गोष्ट तिच्या नाकाची, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्यात नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत, देवाच्या आधी जिभेला लावायचा नाही. मग मीठ कसं कळणार? आत्या पळी वर धरायची, वाफ नाकाशी घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, चिमूटभर हवं. कधी चुकली नाही. सोवळ्यातला स्वयंपाक म्हणून तिचाच. नाकावर त्या बाईचं घरातलं अर्धं राज्य होतं, आणीक अर्धं त्या पुडीवर.

त्या वर्षी गल्लीत केबल आलं होतं, आमच्या घरी नव्हे, समोर. नवरात्र चार दिवसांवर, सुट्टीचा दिवस, आत्यानं इथंच, याच गच्चीवर, पाच सुपं वाळत घातली आणि मला बसवलं. आभाळाकडे बघत बस, दळायला मशीनवर तूच ने, माझे हात आता कुटत नाहीत म्हणून म्हटली. आणि कोलंबोला मॅच होती. पाच मिनिटं म्हणून मी समोर गेलो. पुरट्टासीचा, म्हणजे आमच्या या नवरात्राच्या महिन्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक नाही, ऊन तसंच असतं आणि वरून बादली ओततात. मी आरडाओरड ऐकत बसलो, कोण बाद झाला ते आठवत नाही आता. परत आलो तर सुपांत काढा झालेला.

खरं सांगायचं की नाही? चाळीशीच्या जवळ आलेला माणूस मी, सांगायला लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, तिचा, सालींचा, तोल रायर म्हणणाऱ्यांचा. आधी कढईत वाळवायला गेलो, ते करपलं. ते सगळं मागच्या गटारात लोटलं आणि दुकानातनं कंप्यूटर सांब्राणी आणली. हसू नका, तेव्हा सगळं नवीन ते कंप्यूटर होतं, निखारा नको, काडी लावली की पेटते ती तयार सांब्राणी, तिला इथं तेच नाव. चार डबे फोडून कुटले, चंदनाची वासाची पावडर मिसळली, आणि आत्याच्या पितळी डब्यात भरून तिच्यापुढं ठेवलं. दळून आणलं म्हणून सांगितलं.

पहिल्या दिवशी निखाऱ्यावर चिमूट पडली आणि बायका म्हणाल्या, अय्यो, काय वास, यंदा जास्तच छान! आत्यानं नाक धुराजवळ नेलं. मग म्हटली, हा वास माझा नव्हे. परत एक चिमूट टाकली, परत म्हटली, माझा नव्हे हा. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी सगळ्या बायकांपुढं ओरडलो, आत्या, पुरे की आता, सगळ्यांना येतो तुला येत नाही, तुझं नाक गेलं!

असंच म्हटलं. शब्दसुद्धा बदलत नाही तुमच्यासाठी.

तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे. घाबरून.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या वेळी पळी नाकाशी धरून ती उभीच राहिली. माझी बायको सुमित्रा सांगते, ती किती वेळ तशी उभी होती. मग म्हणाली, सुमित्रा, मीठ बरं आहे का गं? सुमित्रा म्हणाली, आत्याबाई, मी कशी बघू, नैवेद्य व्हायचा आहे. तेव्हा आत्यानं आणीक एक मूठ टाकली. तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता, दुसरं काय. सांबार घशाखाली उतरेना. माझा बाप म्हणाला, अक्का, वय झालं, होतं असं, आता सुमित्रा करेल. मी शेजारीच पानावर बसलो होतो. तोंड उघडलं ते घास घालायला.

त्या दिवसापासून आत्या सोवळ्यात शिरली नाही आणि पूड केली नाही. बायका पुढच्या वर्षी आल्या, हात पुढं केले, ती म्हणाली, नाक गेलं गं माझं, काहीतरी भलतंच कुटीन. सुमित्राला वाफेवर मीठ कळत नाही, तिनं भीतीनं कमीच घालायचं ठरवलं, सात वर्षं आमच्या घरातल्या देवांनी अळणी खाल्लं. आणि घरात वास कसला? एकदा तिरुच्चीहून फवाऱ्याची बाटली आणली, फुस्स केलं की गुलाब, सगळं घर सिनेमा टॉकीजसारखं. मी शिंकून शिंकून बेजार. कल्याणी म्हणते, अप्पा, नल्लाताने इरुक्कु, छानच आहे की! छान? माझं डोकं उठायचं, आणि कोणावर ओरडू? माझीच करणी.

सात वर्षांनी बाप गेला. त्याच्या दहाव्याला अळणी भात खाताना ठरवलं, आता सांगायचं. पण नुसतं सांगायचं नव्हे, करून दाखवायचं. साली जमवल्या, कचेरीतली नवी पोरं बघत बसली. तिरुवैयारूला गेलो, तो वाळ्याचा माणूस नाही राहिला, मुलगा देतो. इथं गच्चीवर सहा दिवस रजा काढून बसलो, हातानं कुटलं, फोड आले. निखाऱ्यावर घालून आत्यापुढं नेलं, गल्लीभर वास गेला, समोरची म्हातारी दाराशी येऊन उभी राहिली. आत्या धुरावर वाकली. डोळ्यांतनं पाणी आलं, मला वाटलं ओळखला. ती म्हणाली, धूर फार झाला रे, काय जाळतोस?

मग सुमित्रानं मला बाजूला नेऊन सांगितलं. दोन वर्षांमागं ताप आला होता ना आत्याबाईंना, तेव्हापासून समोर दूध करपलं तरी कळत नाही. आता खरंच गेलं होतं.

तरी मी सांगितलं. मॅच, पाऊस, गटार, कंप्यूटर सांब्राणी, सगळं. तुझं नाक त्या दिवशी लाख खरं होतं आत्या, मी खोटा होतो. ती ऐकत राहिली, आणि हसली हो! म्हणाली, म्हाताऱ्या आत्याची समजूत काढायला केवढी गोष्ट रचलीस रे. मी शपथ घेतली. तर म्हणाली, शपथ नको घेऊस खोट्यासाठी, कळलं मला. तू लहानपणापासून मऊ मनाचा. डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणून म्हटली. आता येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, माझा भाचा माझ्यासाठी किती छान खोटं बोलला बघा.

जन्मात एकदा खरं बोललो तर आशीर्वाद मिळाला तो खोट्याचा. घेतला. काय करू, तिचा हात खाली ढकलू? आता दरवर्षी पूड करतो, बायका पुड्या नेतात, बरी झाली म्हणतात. बरी म्हणजे काय हो? सांगणारी एकच होती, ती खाली जिन्याशी बसून धूर फार म्हणते.

थांबा. हातावर थेंब पडला का तुमच्या? उठा, उठा, लिहिणं राहूद्या, ते सूप धरा, साली सांडू नका!