जनकाबाईच्या माहितीपटाचा आवाज

हॅलो?… कोण, काजल? हाव, हाव, तुहा हिंमतकाकाच बोलून राह्यला. माह्याच फोनवर मी नाही तं कोण बोलीन?

हां… आयकलं का माह्यं रेकॉर्डिंग? कसं झालं?… काऊन हासून राह्यली?… दोनदा? हाव, समदं दोनदाच बोललो. अवं, वीस वर्षं झाले, जीपले भोंगा लावून पुकारा करतो. "उद्या नळ येणार नाही, उद्या नळ येणार नाही." एकदा सांगतलेलं आपल्या धाड गावात कोणी आयकते काय?

बरं, बरं… दहाच मिनिटांचा माहितीपट हाये, समजलं. माह्यामुळं वीसचा झाला… हास, हास.

अन् पडद्यावरची अक्षरं? मायच्या नावाखाली काय लिवलं?… काय? "लघुउद्योजिका"?… अवं, बाजारात इचारून पाह्य, लघुउद्योजिका कुठी बसते म्हणून. कोणाले समजलं तं सांग! "मिरचीवाली" लिव. तुही आजी हाये, लाज कायची?… हां. मोठ्या लाल अक्षरात. अन् खाली शुभेच्छुक टाक, समद्याईचे फोटो… नसते? शुभेच्छुक नसतेच? मंग लोकं पाह्यतीन कायले?

हां, बोल… बोल ना, अडखळून काऊन राह्यली?… तुह्या कॉलेजचे सर म्हणे हा आवाज चालणार नाही… कॉम्प्युटरचा लावा म्हणे… आजच द्याचा हाये…

नाही वं, राग नाही आला… वाईट वाटलं. खोटं काऊन सांगू? अर्ध्या गावाले सांगून बसलो, पोरीच्या पिच्चरमधी माहा आवाज हाये म्हणून… हाव, भोंग्यावरूनच सांगतलं. दोनदा.

आयकव तं त्या कॉम्प्युटरचा… हां… हां… साफ हाये बाई. पण त्यानं मायची मिरची खाल्ली नाही, लगेच समजते. एकदाबी ठसका नाही.

काय? आता? फोनवरच?… न ओरडता?… अवं, माय इथंच बसली हाये, मिरचीचे देठं तोडून राह्यली. तिच्यासमोर नाही जमत मले. असं कधी बोललोच नाही तिच्याशी… बरं. बरं, बोलतो. तू चूप बस.

"हे माही माय, जनकाबाई. बत्तीस वर्षं झाले, दर बाजाराले मिरची इकते. हात मिरचीनं भरेल राहत, म्हणून आमच्या तोंडावरून तिनं कधी हात फिरवला नाही. पण त्याच हातानं आम्हा दोघा भावाईले शिकवलं."

…झालं. काजल?… हॅलो? आवाज येऊन राह्यला ना?… रडू नको वं, तुह्या नाकाचा आवाज येईन त्याच्यात… हाच ठेवते? अन् सरले?… तू सांगशीन? पक्कं?

थांब, थांब, माय काहीतरी म्हणते… काय वं माय?

आयक. हळू बोललो तं तिले आयकूच नाही गेलं. परत म्हण म्हणते… नाही, तू ठेव आता. हे तुह्या पिच्चरसाठी नाही.